एक चापट, दोन टिचक्या

नव्या मशीनचा आवाज सकाळपासून एकदाही तुटला नव्हता, आणि त्यानेच सुतारणीच्या पोटात दुखत होतं.

जुनं मशीन असं नव्हतं. लाकूड घासता घासता मध्येच बसकण मारायचं. नवरा खटका दाबून दाबून घामाघूम झाला की हाक यायची, "अगं, ये जरा!" कारखान्याच्या मागेच घर. ती यायची, मशीनला एक चापट आणि दोन टिचक्या द्यायची, की ते गुमान सुरू. नवऱ्याने तेच केलं तर ढिम्म हलायचं नाही. दिवसातून दहा हाका. "मला काही उद्योग आहेत की नाही?" असं दहाही वेळा म्हणत ती जायची.

आता ते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेलं होतं. नवं हिरवंगार, गुळगुळीत. नवरा त्याला मऊ फडक्याने पुसत होता. तिच्या चष्म्याची काच त्याने कधी अशी पुसली नव्हती.

"सवत परवडली," ती भांडी घासता घासता पुटपुटली. "ती निदान भांडते तरी."

दुपारी तो फळ्या मोजायला अंगणात गेला. ती कारखान्यात शिरली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि चोरपावलांनी परतली. दाराच्या फटीला डोळा लावला.

तो आला. मशीनचा खटका दाबला. पुन्हा दाबला. वायर चाचपत भिंतीपर्यंत गेला आणि बटणासमोर थांबला. ती फटीपासून सरकून भांड्यांकडे पळाली.

"अगं, ये जरा!"

ती ओले हात पुसत आली. "मला काही उद्योग आहेत की नाही?"

"रुसून बसलंय बघ. नवं असलं म्हणून काय झालं?"

तो भिंतीला पाठ टेकून उभा होता. आता माघार घ्यायची सोय नव्हती. तिने खटका दाबून धरला, मशीनला चापट मारली. एक टिचकी. दुसरी. पाठीमागे टक असा बारीक आवाज झाला आणि मशीन तिच्या हातात थरथरलं. तिने वळून पाहिलं नाही.

"तुझ्या हाताला गुण आहे," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत नवं मशीन आणखी दोनदा बंद पडलं, दोनदा हाक आली. भिंतीवरच्या बटणाला तिने मात्र एकदाच हात लावला होता.