एकोणिसावी ओळ

“सात?” मनिषानं विचारलं.

शेषेराव गुरुजींनी मांडीवरचा तळहात फक्त पालथा घातला.

मनिषानं सातवी ओळ मोकळी सोडली. टेबलावर सहा किलोचा केक होता, उघड्या हजेरीपटासारखा. डाव्या पानावर पंधरा ओळी, उजव्या पानावर पंधरा. पांढऱ्या क्रीमवर चॉकलेटच्या कोनानं ती एकेक नाव काढत होती.

“आठ?”

“भीमाशंकर.”

“नऊ?”

“माणिकप्पा. याची पाटी रोज फुटायची.”

भूकंपात किल्लारीची शाळा पडली तेव्हा हजेरीपटही मातीत गेला. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरला आणि गुरुजींनी पहिलीचा पट नुसत्या आठवणीनं पुन्हा लिहून काढला. जन्मतारखा कुठून आणणार? सगळ्यांना एक जून लावून टाकली. म्हणून आज एक जूनला अख्ख्या वर्गाचा वाढदिवस. साखर कारखान्यातल्या उमाशंकरनं सगळ्यांना गोळा केलं होतं, आणि केकचं काम वर्गातल्याच मनिषाकडं, गुरुजींच्या लेकीकडं आलं होतं.

“जे गेले त्यांच्या ओळी मोकळ्या राहू दे,” तो म्हणाला होता. “अन् नावं गुरुजींच्याच तोंडून घे. आपण बावीस उरलोत. तुझं तेवढं विचारत बसू नको, आपलं लिहून टाक.”

“का रे?”

“विसरले असले तर तुलाच वाईट वाटंल.”

विसरणं आता घरभर सांडलं होतं. गुरुजी जेवून उठायचे आणि तासाभरानं पुन्हा ताट मागायचे. चष्मा लावूनच चष्मा शोधायचे. हळूहळू माणसंही पुसट होतील, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुपातून कोंडा उडावा तशी आठवण उडत होती, आणि मनिषाला धरून ठेवता येत नव्हतं काही. तिला एकच हवं होतं. सगळं पुसून जायच्या आत एकदा त्यांच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं होतं. कारण हाक त्यांनी कायम ‘पोरी’ अशीच मारलेली. भूकंपाच्या धक्क्यानं ती वर्षभर मुकी होती, तेव्हाही पोरी. बोलायला लागली, तरी पोरीच. त्याच्या आधीचं तर तिला काही आठवतच नव्हतं.

“बरोबर सांगायलेत का गं, मावशी?” तिनं उंबऱ्यापाशी शेंगा फोडत बसलेल्या चतुराबाईला विचारलं. शेजारच्या या मावशीनंच तिला वाढवलं होतं.

“एक बी चूक न्हाई. खाल्लेली भाकर ध्यानात ऱ्हात न्हाई म्हाताऱ्याच्या, अन् पोरं बघ कशी खडाखडा.”

“म्हातारा कुणाला म्हणतेस?” गुरुजी म्हणाले. “दोन वर्षांनी मोठी आहेस तू माझ्याहून.”

“मोठी हाय ना? मग मान ठेवा की थोडा!”

मनिषा हसली. “अण्णा, बाकीच्यांचं ठीक हाय. पण स्वतःच्या लेकीची तारीख तर ठाऊक असंल की तुम्हाला? मला बी एक जूनच?”

गुरुजींनी पाणी मागितलं. लहानपणापासून हा प्रश्न तिनं कैक वेळा विचारला होता. दर वेळी त्यांना तहानच लागायची.

“अठरा?”

“हरिओम.”

“एकोणीस?”

तळहात पालथा पडला.

मनिषाचा कोन हवेतच राहिला. “अण्णा, एकोणीस माझा नंबर.”

तळहात हलला नाही.

“लिही गं बाई तू,” चतुराबाई घाईनं म्हणाली. “पाचला माणसं येतील. क्रीम वितळायलीय तुझी.”

मनिषा पुढं गेली. वीस, एकवीस, बावीस. तिसावी ओळ झाली आणि तिनं मोजलं. एकवीस नावं. नऊ ओळी मोकळ्या. माणिकप्पाची फुटकी पाटीसुद्धा यांच्या ध्यानात होती, आणि लेक तेवढी गळली होती. पंखा गरगरत होता. तिच्या डोळ्यांपुढं क्रीम धूसर झाली.

कोन हातात तसाच धरून ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

“मने, जाऊ दे,” चतुराबाई म्हणाली. “नको विचारू.”

“अण्णा, आठवा ना. एकोणीस नंबर. कोण होती?”

“मनिषा,” गुरुजी म्हणाले. अगदी स्वच्छ, हजेरी घेतल्यासारखं.

ती हसली, रडली, दोन्ही एकदमच. “मग मघाशी गप का बसलात? जीव घाबरा केला की माझा!”

“सातवं सांगितलं का मी? अकरावं सांगितलं?” गुरुजी शांतपणे म्हणाले. “गेलेल्यांची नावं नाही घेत मी, पोरी. आईच्या कुशीतच सापडली ती.”

शेंगा फोडायचा आवाज थांबला. चतुराबाईनं पदर तोंडात कोंबला होता.

कोनातून चॉकलेटचा थेंब फरशीवर पडला. मग दुसरा.

“मग मी कोण, अण्णा?”

गुरुजींनी पालथा तळहात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

“तुला नाव सांगता येत नव्हतं,” ते म्हणाले. “आणि एकोणिसावी ओळ मोकळी होती.”