नामाप्रमाणे विशेषण

“पुन्हा चुकलात, डॉक्टर,” स्पॅनिशच्या बाई म्हणाल्या. “इहो म्हणजे मुलगा, इहा म्हणजे मुलगी. इहो म्हटलंत की देखण्याला ग्वापो म्हणायचं. तुम्ही ग्वापा म्हणालात. ‘माझा मुलगा देखणी आहे’ असं झालं ते!”

मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं खिदळली. डॉक्टरांनी घाम पुसला. दिवसभर दवाखान्यात लोकांना आ करायला लावून दात तपासणारा माणूस, पण इथे त्यांचंच तोंड उघडत नव्हतं.

एकुलत्या एका लेकराचं लग्न परदेशात ठरलं होतं. व्याह्यांना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, आणि वडिलांनी दोन शब्द बोलावेत असा त्यांचा आग्रह होता. लेकरानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, “बाबा, बोलायचं तर मनापासून बोला. नाहीतर नुसते जेवायला या. मी रागावणार नाही.”

त्या ‘रागावणार नाही’नं डॉक्टरांची झोप उडवली होती. त्याआधी कित्येक महिने दोघांत धड बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं, हा विषय घरात कोणी काढत नसे.

“बाई, ‘मी’ म्हणजे माझा ना?”

“माझा, माझी, माझं. सगळ्यांना एकच.”

“हे बरं आहे. अशी न बदलणारी विशेषणं नाहीत का?”

“आहेत की. फेलिस, म्हणजे आनंदी. बालिएंते, म्हणजे धाडसी. मुलगा असो की मुलगी, तशीच राहतात.”

डॉक्टरांचा चेहरा खुलला. “मग तेवढीच वापरतो.”

“अख्ख्या भाषणात? पळवाटा काढू नका. मराठीत आपण लेकरू म्हणून वेळ मारून नेतो. इथे तशी सोय नाही. मुलगा की मुलगी, ते ठरवावंच लागतं. चला, पुन्हा म्हणा.”

“मी इहो एस... ग्वापा.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, एक तर विशेषण बदला, नाहीतर नाम तरी!”

सगळा वर्ग हसला. डॉक्टर मात्र खिडकीबाहेर बघत बसले.

घरी बायको त्यांच्या कोटाला इस्त्री करत होती.

“आला का तो शब्द तोंडात?”

“घशापर्यंत येतो.”

“तिथून दात किती लांब? दातांचेच डॉक्टर ना तुम्ही?” तिनं इस्त्री उभी केली. “नाहीच जमलं तर गप्प बसा. पण तिथे जाऊन भलतंच बोललात, तर या वेळी मी तुमची बाजू घेणार नाही.”

त्यानंतर दवाखान्यातही घोकंपट्टी सुरू झाली. पेशंटच्या गालात कापूस कोंबायचा आणि त्याला स्पॅनिश ऐकवायचं. बिचाऱ्याला पळताही येत नसे.

लग्नाचा हॉल खच्चून भरला होता. नाव पुकारलं गेलं तसे डॉक्टर उभे राहिले. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. हातातला रुमाल तेवढा पिळला.

“मी...” डॉक्टर म्हणाले आणि अडकले.

कोणीतरी खोकलं. व्याही धीर द्यायला मान हलवत होते. डॉक्टरांनी छाती भरून श्वास घेतला.

“मी इहा,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “मी इहा एस ग्वापा. इ बालिएंते!”

व्याह्यांनी टेबलावर थाप मारली. हॉलभर टाळ्यांचा कडकडाट झाला. एक अक्षरही चुकलं नव्हतं. बायको रडत होती, हसत होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

समोर नवरीच्या पोशाखात त्यांचं एकुलतं एक लेकरू उभं राहिलं. जन्मापासून ज्याला त्यांनी ‘अरे’ अशीच हाक मारली होती, ते.

डॉक्टरांनी दोन्ही हात पसरले.

“ये गं.”