नऊ वाजून चौदा मिनिटं

एकोणतिसावी चित्रफीत सुरू झाली आणि ऑर्नेला ब्रेसाननं चष्मा नाकावर सारखा केला. सकाळपासून बसून तिची कंबर आखडली होती.

पडद्यावर फलाट होता, हिवाळ्यातली सकाळ. बाकावर कोट घातलेला एक माणूस बसला होता. नियमाप्रमाणे सगळ्यांचे चेहरे पुसले होते. स्टेशन कुठलं हेही सांगायचं नव्हतं.

पाच देशांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला होता. फलाटावर कुणाला मदत हवी आहे हे कॅमेऱ्यानं आपणहून ओळखावं, एवढाच हेतू. यंत्र जर्मनांनी बनवायचं, त्याची परीक्षा फिनलंडच्या संस्थेनं घ्यायची. इटलीच्या रेल्वेनं द्यायचे होते फलाट, जुन्या चित्रफिती आणि तीस-तीस वर्षं फलाटावर उभी राहिलेली माणसं. अशा बारा पहारेकऱ्यांना पादुआच्या या खोलीत एकेक करून बसवलं होतं. माणसाला मदत हवी आहे हे पहिल्यांदा कधी दिसतं, ती वेळ त्यांनी सांगायची. ऑर्नेला बारावी.

नऊ वाजून चौदा मिनिटांनी पडद्यावर एक पहारेकरीण आली. बाकासमोर क्षणभर उभी राहिली आणि पुढे निघाली. उजवा पाय किंचित ओढत चालत होती. नऊ एकतीसला ती परत आली, माणसावर वाकली आणि तिनं रुग्णवाहिका बोलावली.

"नऊ चौदा," ऑर्नेला म्हणाली.

विद्यापीठातून आलेली इरेने वेळा टिपून घेत होती. तिनं फीत मागे घेतली. इतर अकरा जणांनी नऊ एकतीस सांगितलं होतं. यंत्रही तेच सांगत होतं, आणि त्याबद्दल सगळे खूश होते. चौदाला तर काहीच दिसत नव्हतं, पहारेकरणीची पाठच मध्ये येत होती, असं इरेनेनं दाखवलं.

"हो, तुझ्या कॅमेऱ्याला पाठच दिसणार," ऑर्नेला म्हणाली. "तो एका हातानं कोटाची बटणं लावायला बघत होता. दुसरा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा."

"सिन्योरा, हे तुम्हाला कसं कळलं?"

खिडकीशी सुरक्षाप्रमुख तुल्यो कॉफी पीत उभा होता. तो वळला. वीस वर्षं त्यानं ऑर्नेलाला चालताना पाहिलं होतं.

"ऑर्ने, भूक लागली असेल," तो म्हणाला. "एकतीस सांग आणि चल जेवायला. अकरा जण काय आंधळे आहेत?"

ऑर्नेला उठली नाही. ती पहारेकरीण आपणच, असं तिनं इरेनेला सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं, आवाज न चढवता. एक सहकारी आजारी होता म्हणून तिनं त्याची पाळीही केली होती, तो अकरावा तास होता. थांबलं असतं तर रुग्णवाहिका, पोलीस, जबाब, आणि घरी जायला दुपार. पिऊन बसलाय, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण तिच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला होता तेव्हा त्यांचा हात असाच पडला होता. तिला कळलं होतं. कळून ती पुढे गेली होती. सतरा मिनिटांनी मन खाऊ लागलं तेव्हा परत आली. माणूस वाचला. वाचा मात्र गेली ती गेलीच.

त्या दिवशीच्या अहवालात तिनं एकतीसला दिसलं असं लिहिलं होतं. त्याबद्दल रेल्वेनं तिला शाबासकीचं पत्र दिलं होतं. तुल्योच्याच सहीचं.

"हे वर जाईल," तुल्यो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "निवृत्तीला तुझं एक वर्ष राहिलंय. कशाला उकरतेस?"

ऑर्नेलानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"ही विचारतेय, दिसलं कधी. मी थांबले कधी, असं नाही विचारत."

पुढच्या रकान्यात इरेनेला मदतीला उशीर का झाला याचं कारण भरायचं होतं. गर्दी, आडोसा, दुसरं काम, यांतलं एक. तिनं बराच वेळ तो रकाना पाहिला आणि मोकळा सोडला.

"मग यंत्राला नऊ चौदाच शिकवू?" तिनं हळूच विचारलं.

"चौदाच शिकव," ऑर्नेला म्हणाली. "त्याला कुठे घरी जायचंय?"

इरेनेनं वेळ भरली. तुल्योनं कॉफीचा पेला खिडकीत ठेवला आणि फोन काढत बाहेर गेला. मग ऑर्नेलानं चष्मा पुसला आणि तिसावी चित्रफीत लावायला सांगितली.