एका दमात

“अहो, करा सुरू!” स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली आणि मास्तर खाटेवर उठून बसले.

डॉक्टरांनी हे रोजचं लावून दिलं होतं. सकाळी एका दमात आकडे मोजायचे, मोठ्याने. दहाच्या खाली आलात की तडक दवाखान्यात भरती. समोरचे कंपाउंडर अशीच छाती घेऊन ‘चार दिवसांसाठी’ गेले, ते गेलेच. मास्तरांना जायचं नव्हतं. मरायचं तर आपल्या खाटेवर, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

शाळेत कवायत घ्यायचे तेव्हा त्यांच्या ‘एक-दोन-एक’वर आठशे पोरं पाय आपटायची. आता सहापर्यंत जाताना तोंडाला फेस यायचा. पण मास्तर पक्के बिलंदर! बायको नेमकी त्याच वेळी मिक्सर लावायची. तो घुरघुरला की मास्तर मध्येच हळूच दुसरा दम चोरून घ्यायचे आणि गाडी चौदावर नेऊन ठेवायचे. ती बिचारी कॅलेंडरवर चौदा लिहायची. दोन माणसांच्या घरात रोज एवढं काय भरडत असते कोण जाणे, पण देव तिचं भलं करो!

आज मात्र आली का पंचाईत! गल्लीतले सगळे पंखे रात्रभर फिरले आणि पहाटे वीजच गेली. कोपऱ्यावरचा कचरा तीन दिवस जळत होता. खिडकी उघडावी तर धूर, लावावी तर भट्टी. लावलेलीच होती. बनियन अंगाला चिकटलं होतं आणि छाती नुसती शिट्टी वाजवत होती.

“अगं, आज राहू दे.”

“राहू दे कसं? मोजा म्हणते ना!”

“एक… दोन… तीन…” चारला खांदे वर आले. पाचला डोळ्यांपुढे काजवे चमकले. “स… हा.”

संपलं. घरात चिडीचूप. आता ती येणार, सहा लिहिणार, रिक्षा बोलावणार. मास्तरांना लहान पोरासारखी भीती वाटली.

तेवढ्यात आतून आवाज आला.

“घुर्रर्रर्र…”

बायको तोंडाने मिक्सर चालवत होती.

म्हणजे ही रोज… मास्तरांना हसू आलं, रडूही आलं. त्यांनी घाईघाईने तोंड उघडलं, हवा ओढली. आत काही जाईना.

स्वयंपाकघरात तिचा दम संपला. तिने दुसरा घेतला, मग तिसरा. सात काही आला नाही.