आधी आईचं तोंड

“डाक्तरीणबाय, आदी तुजे आयशीचा तोंड खरवर, मंग आमचा!” ठमाबाईने असं म्हणताच कळव्याच्या तिच्या अंगणात जमलेल्या बायका पदर तोंडाशी धरून हसल्या.

डॉक्टर सरोजही हसली. गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, ते काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, की कॅन्सर व्हायच्या आधीच त्याची चाहूल लागते. सत्तावन्न सालातलं हे नवं शास्त्र ती मुंबईला शिकून आली होती. पण आजवर एकाही गावात एकाही बाईने तोंड उघडलं नव्हतं. आज निदान अट तरी घातली!

सुमतीबाई, तिची आई, ठाण्याहून सोबतीला आल्या होत्या. त्या लेकीच्या कानाशी लागल्या, “अगं, आज चतुर्थी. उपास मोडेल ना?”

“खरवडायचंय आई, गिळायचं नाही.”

निरोगी तोंड कसं दिसतं ते आधी दाखवू, म्हणजे बायकांची भीती जाईल, असा सरोजचा बेत. तिने आईचा गाल खरवडला, काचेवर निळा रंग घातला, धुतला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उजेडाकडे वळवून आत पाहिलं. पापडासारख्या पसरट पेशी, मधोमध मोहरीएवढा ठिपका. छान! तिने काच जराशी सरकवली आणि तिचा हात थबकला. इथे पेशींची दाटी होती. ठिपके फुगून काळेनिळे झाले होते.

“आई, तू तंबाखू खातेस?”

“शिव शिव! भलतंच काय! पूजेआधी दातांना मशेरी लावते तेवढी. ती का तंबाखू?”

साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. गावोगाव सरोजही ‘तंबाखू खाता का?’ एवढंच विचारत आली होती. मशेरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या भुकटीची, डबी घरच्या मोरीच्या कोनाड्यात ती लहानपणापासून बघत होती. तिच्याही लेखी ते दंतमंजनच होतं!

“काय दिसला गो?” ठमाबाईने विचारलं.

‘सगळं ठीक’ म्हटलं असतं तर लगेच रांग लागली असती. पण सरोजने खरं ते सांगून टाकलं. “आईच्या तोंडात रोग मूळ धरू बघतोय. अजून फोड नाही, गाठ नाही. आत्ताच काढून टाकला की ती बरी होईल.”

हसू विरलं. एकेक बाई उठू लागली. “नको गो बाय. नाय बघितला तं नाय झाला,” कुणीतरी पुटपुटलं.

“थांबा!”

सरोज दचकली. आईचा एवढा मोठा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

“ठमाबाई, तुम्ही अडून बसलात म्हणून माझं वेळेवर सापडलं. मी वाचले हो, वाचले!” सुमतीबाईंचे डोळे भरून आले होते नि चेहरा फुलला होता. त्यांनी तिथेच, अंगणात, फतकल मारली. “आता मी अडून बसते. तुमचं पाहिल्याशिवाय उठायची नाही.”

ठमाबाईने तांब्या उचलला, खळखळून चूळ भरली, आणि सरोजपुढे बसून भला मोठा आ केला.