धान तेवढं पाहायचं

"हे धान होय, भावना."

शकुनने सुनेच्या मुठीतलं रोप काढून घेतलं आणि पुन्हा चिखलात खोचलं. सकाळपासूनचं हे सातवं होतं.

एकोडी गावात धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे चिखलाच्या वाफ्यांत, निंदण सुरू होतं. नवी सून पहिल्या वर्षी सासूच्या शेजारच्या ओळीत निंदते. भावना तुमसर शहरात वाढलेली. धान आणि त्यात उगवणारं सावा नावाचं तण, दोन्ही तिला सारखंच हिरवं दिसे. त्यात रविवारी नागपूरला लिपिकाची परीक्षा होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. मागच्या दोन्ही वेळा एकसारख्या इंग्रजी शब्दांनी तिला पाडलं होतं. इफेक्ट आणि अफेक्ट, अ‍ॅक्सेप्ट आणि एक्सेप्ट. वहीत दोन रकान्यांत चाळीस जोड्या होत्या, सगळ्या पाठ. पेपर हातात आला की एकीचा अर्थ दुसरीला चिकटे.

"आई, सावा कसा ओळखायचा ते सांगा ना."

"धान पाय. पात दांडीले चिपकते, तिथं पांढरी जीभ हाये. दिसली?"

"दिसली. आणि सावा?"

"सावा राहू दे. तू धान पाय."

भावनाला राग आला. शकुन ज्या बांधीत उतरते तिथे सावा शिल्लक राहत नाही, असं गावात सगळेच म्हणत. दुपारपर्यंत भावनाने आणखी एकही धान उपटलं नाही.

संध्याकाळी तिने वहीचं पान उभं दुमडलं. उजवा रकाना मागे गेला. चार दिवस ती फक्त डावा वाचत राहिली. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे स्वीकारणं. इफेक्ट म्हणजे परिणाम. त्यांच्या जोडीदारांकडे तिने पाहिलंच नाही.

निकाल दिवाळीच्या तोंडावर लागला. मोबाइलवरच्या यादीत तिचं नाव होतं. ती तशीच शेतावर गेली. शकुन धुऱ्याच्या बांधावर बसून विळ्याला धार लावत होती. बातमी ऐकून तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला शेजारी बसवलं.

"आता तरी सांगा, आई," भावना म्हणाली. "सावा तुम्ही कसा ओळखता?"

शकुनने आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली. "चाळीस वर्षं निंदून झाली, पण सावा मले अजून नाही ओळखता येत."