इतवारची सैर

नैरोबीच्या रेल्वेत अकरा वर्षं फिटरकी करून मदनसिंग आपल्या गावी, जऊळक्याला कायमचा परतला, पण त्याच्या तोंडी अजून तिकडचा इतवार होता. दोस्ताची जुनी मोटार घ्यायची, आपणच चालवत राखीव जंगलात शिरायचं, अन् काचा वर करून सिंह, जिराफ बघत बसायचं. गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही, असा तिथला कायदा. दर पत्रात त्यानं हेच लिहिलं होतं.

बायको गोमतीबाई ती पत्रं मास्तरांकडून दोन-दोनदा वाचून घ्यायची आणि गोफण उचलून शेतावर जायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. अकरा वर्षं तिनं रोह्यांना, म्हणजे नीलगाईंना, तुरीची एक शेंग खाऊ दिली नाही.

आज दोघं बैलगाडीनं शेताकडे निघाले होते. वाटेत तिनं विचारलं, "मोटारीत तुमच्या बाजूले कोन बसे?"

"कोनीच नाही."

बांधाशी पोचले, तर रोह्यांचा अख्खा कळप त्यांच्याच तुरीत निवांत चरत होता. मदनसिंगानं कासरा टाकला. गोफण घेऊन तो खाली उडी मारणार, तोच गोमतीबाईनं त्याची बाही धरली. गोफण काढून घेतली, मांडीखाली दाबली आणि त्याला खेटून बसली.

"उतरू नोका," ती कुजबुजली. "अन् आवाज बी करू नोका. आज इतवार हाय."